भाऊजींच्या कोटातली सर्दी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, आयुष्यभर बर्फात नोकरी करत आले. बर्फात म्हणजे अगदी बर्फात नाही, कोल्ड स्टोरेजमध्ये. पण ताई कायम 'हे बर्फात असतात' असंच सांगते, म्हणून आम्हा सगळ्यांच्या तोंडात तेच बसलंय. उंच भिंतींची, बिनखिडकीची एक खोली. आत छतापर्यंत रचलेले क्रेट, क्रेटमध्ये सफरचंदं, नाशपाती, पलीकडच्या भागात बटाटे. भाऊजी त्या खोलीचे कर्तेधर्ते. कुठला माल आधी बाहेर काढायचा, कुठला क्रेट खालून वर घ्यायचा, कुठे काय नासायला लागलंय, हे सगळं तेच बघायचे. गुडघ्यापर्यंत येणारा जाडजूड कोट, हातमोजे आणि कान झाकणारी टोपी. त्या अवतारात ते पहिल्यांदा दारात दिसले तेव्हा आमच्या बिल्डिंगमधलं एक पोर किंचाळत घरात पळालं होतं. तेव्हापासून सगळी मुलं त्यांना अस्वलकाका म्हणतात.

या माणसाला कधी सर्दी झाली नाही. मी तळमजल्यावर राहते, पुढच्या खोलीत पडदे शिवते, आणि आमचा जिना माझ्या दारावरून जातो, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोण शिंकतं, कोण खोकतं हे मला जागच्या जागी कळतं. वरच्या मजल्यावर ताई शिंकायची, भाची शिंकायची, मी तर वर्षातून चारदा अंथरूण धरायची. भाऊजी ठणठणीत. साधं नाक ओढलेलं ऐकलं नाही कधी.

आता एखाद्याने यावरून काय समजायचं? की गारठ्याचा आणि सर्दीचा तसा काही संबंध नसावा. पण आमची ताई म्हणजे ताई. ती म्हणायची, "त्यांच्या अंगाला सवय झालीये गं. सर्दी त्यांच्यात शिरायला बघते, तिला जागा मिळत नाही, मग ती कपड्यांत बसून घरी येते आणि दुसरं कोणीतरी शोधते." हे ती इतक्या ठामपणे सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हिने सर्दीला जिना चढताना डोळ्यांनी पाहिलंय.

सर्दीच्या बाबतीत ताईचं एक शास्त्रच होतं. ओल्या केसांनी सर्दी होते. फरशीवर अनवाणी चाललं की होते. पंख्याखाली झोपलं, संध्याकाळी केळं खाल्लं, घाम आलेला असताना पाणी प्यायलं की होते. खिडकी उघडी राहिली तर मग विचारूच नका. मी तिला हसायची. पण केस धुतले की ते वाळेपर्यंत मीही उंबरा ओलांडत नाही, खोटं कशाला बोलू? आईने आमच्या डोक्यात भरवलेलं आहे ते. डोक्यातलं निघतं, हाडातलं निघत नाही.

तर या शास्त्रापायी लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात एक नियम होता. भाऊजींनी कामावरून आल्या आल्या घरात यायचं नाही. दाराबाहेर खुंटी होती, तिथे कोट अडकवायचा. खाली एक स्टूल होतं, त्यावर बसायचं. ताई दारातून हात लांब करून गरम चहाचा कप द्यायची आणि आत जायची. थोड्या वेळाने येऊन लांबूनच त्यांच्या नाकाकडे बघायची. "अजून लाल आहे. बसा." पुन्हा थोड्या वेळाने यायची. नाकाचा रंग तिच्या मनासारखा झाला की मग आत प्रवेश. मी एकदा म्हटलं, "ताई, टोमॅटो पारखून घेतात तसं नवऱ्याला पारखून घेतेस." ती म्हणाली, "तू गप्प बस, तुला काय कळतंय संसारातलं."

मला वाटायचं भाऊजींना राग येत असेल. छे! ते मजेत असायचे. जिन्याने वर-खाली करणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचे. मी शिवलेले पडदे कुणाकडे पोचवून येत असले की म्हणायचे, "या मेहुणीबाई, बसा, थंडी उतरवतोय." कारण गंमत अशी की त्यांचाही त्या शास्त्रावर पक्का विश्वास होता. "थंडी अंगात मुरलेली असते," ते मला समजावायचे. "ती एकदम जात नाही. तिला वेळ द्यावा लागतो."

त्या स्टुलावर बसूनच त्यांनी मला एकदा त्यांच्या खोलीबद्दल सांगितलं होतं. सकाळी ते जड दार उघडलं की पहिला वास येतो सफरचंदांचा. मग पंख्यांचा आवाज, आणि त्या आवाजाशिवाय दुसरं काही नाही. कुणी हाक मारत नाही, कुणी घाई करत नाही. एखाद्या कोपऱ्यातून जरा आंबूस वास आला की समजायचं, तिकडच्या क्रेटमध्ये काहीतरी बिघडतंय; मग हळूहळू शोधत जायचं. "आत गेलं ना, की डोकं शांत होतं बघ," ते म्हणाले. "लोकांना वाटतं, बिचारा गारठत असेल. मला तर तिथे बरं वाटतं." माणसाला आपल्या कामाबद्दल इतक्या मायेने बोलताना मी क्वचितच ऐकलंय. मला तर पडद्याची चुणी बघितली की अंगावर काटा येतो.

मग ठकी आली.

ठकी म्हणजे माझ्या भाचीची मुलगी. भाचीचा नवरा बोटीवर कामाला, सहा-सहा महिने पाण्यावर. भाची एका चष्म्याच्या दुकानात जाते. म्हणून ती बाळाला घेऊन आईकडेच राहायला आली, आणि ठकी दिवसभर ताईच्या ताब्यात. गोरीगोमटी, टकली, कुणालाही बघून खुदकन हसणारी पोर. भाऊजी तर तिच्यावर असे खुळावले की विचारू नका. साठीला आलेला माणूस जिन्यात बसून मांजराचे, कुत्र्याचे आवाज काढायचा. स्टुलावर बसायचा वेळ त्यांना तेव्हा पहिल्यांदा जड जायला लागला. "बघ ना गं, आता तरी उतरली असेल," असं ते आत ओरडून सांगायचे.

आणि ठकीला सर्दी व्हायला लागली. एक गेली की दुसरी. नाक चोंदलं की तिला दूध पिता येईना, दूध पिता आलं नाही की रडणं, रडलं की नाक आणखी चोंदणार. भाचीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. ताईने खिडक्या बंद केल्या. मग म्हणाली, फटीतून वारा येतो, तू मला अस्तर लावलेले जाड पडदे शिवून दे. मी दिले शिवून. त्या खोलीत गेलं की डब्यात बसल्यासारखं वाटायचं.

सर्दी काही थांबली नाही. मग ताईची नजर बाहेरच्या खुंटीकडे गेली.

आधी कोट हलला. तो दाराबाहेर नको, माझ्याकडे खाली ठेवायचा असं ठरलं. माझ्या दुकानाच्या भिंतीवर पडद्यांच्या नमुन्यांशेजारी तो कोट लटकायला लागला, आणि गिऱ्हाइकं विचारायची, हे कुठलं कापड? मग भाऊजींनी माझ्याकडेच कपडे बदलून वर जायचं ठरलं. मग स्टुलावरचा वेळ वाढला. आणि एवढं करून ठकीला पुन्हा सर्दी झाली तेव्हा ताई म्हणाली, "तुम्ही आता तिला घेऊच नका. लांबूनच बघा."

आणि हा माणूस ऐकायला लागला! मी डोळ्यांनी पाहिलंय. ठकी रांगत दारापर्यंत यायची, दोन्ही हात वर करून "अ, अ" करायची, आणि भाऊजी आपले दोन्ही हात पाठीमागे लपवून उभे. हसायचे तिच्याकडे बघून. डोळे मात्र हसत नव्हते. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"भाऊजी, घ्या हो तिला," मी म्हटलं. "काही होत नाही."

"नको गं," ते म्हणाले. "माझ्यामुळे तिला काही झालं तर मी काय करू?"

मूग गिळून खाली आले आणि मशीनवर राग काढला. दोन सुया मोडल्या.

त्यातच एकदा ठकीला सर्दीबरोबर ताप भरला आणि तिचा कान दुखायला लागला. पोर कानाला हात लावून लावून रडत होती. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. ताप उतरला, कानही बरा झाला, पण भाऊजींनी त्या दोन दिवसांत मनाशी काय ते ठरवून टाकलं. कुणाला काही न विचारता ते मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, मला आतलं काम नको, बाहेर गेटवरच्या खिडकीवर बसवा.

मला हे ताईकडून कळलं. ती खुशीत होती. "आता बघ, पोर कशी गुटगुटीत होते," म्हणाली. मी भाऊजींच्या तोंडाकडे बघितलं. ते म्हणाले, "बरंच झालं की. उबेत बसायचं, कागदावर सह्या घ्यायच्या. वय झालं आता." वय झालं म्हणे! आदल्या आठवड्यापर्यंत क्रेट उचलत होते. त्या माणसाचा आयुष्यात दोनच गोष्टींवर जीव होता, ती खोली आणि ती पोर, आणि एकीसाठी त्यांनी दुसरी सोडून दिली होती.

बरं, ही खिडकी म्हणजे काय, तेही ऐका. मी एकदा त्यांचा डबा द्यायला गेले होते. लहानशी केबिन, आत हीटर, आणि पुढे एक काचेची खिडकी. माल न्यायला आलेले ड्रायव्हर, हमाल, व्यापाऱ्यांची माणसं, सगळे त्या खिडकीत डोकं घालून बोलणार. दोरीला बांधलेलं एकच पेन, तेच सगळ्यांच्या हातात. एक जण पेन दातात धरून खिसे चाचपतोय, दुसरा नाक पुसून त्याच हाताने सही करतोय, तिसरा भाऊजींच्या तोंडावर खोकत भांडतोय की माझा नंबर आधी होता. आणि भाऊजी मान खाली घालून आपले "हो हो, देतो, देतो" करत बसलेले. मला बघून ओशाळल्यासारखे हसले.

थोडेच दिवस गेले आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एक नवीन शिंक ऐकू आली. अशी शिंक की माझ्या कात्र्या थरथरल्या. मी जिन्यात येऊन वर बघितलं. भाऊजी! जन्मात कधी न शिंकलेला माणूस, लाल डोळे, नाकाचा भोपळा, रुमाल हातात. "मेहुणीबाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे असं असतं होय? तुम्ही लोक हे दरवर्षी सहन करता?"

मी धावत वर गेले. म्हटलं, आता तरी ताईचे डोळे उघडतील. तर ताई काय म्हणाली असेल? "इतक्या वर्षांची आत साठलेली थंडी आहे ती. आता ऊब मिळाली ना, बाहेर पडतेय."

मी कपाळाला हात लावला.

आठवड्याभरात ठकीला पुन्हा सर्दी. आता मात्र माझ्या तोंडाला कुलूप राहीना. मी ताईला हाताला धरून खाली आणलं, खुंटीसमोर उभं केलं. "हा बघ तुमचा कोट. किती दिवस झाले, इथेच धूळ खातोय. तो माणूस बर्फाच्या जवळपास गेलेला नाही. पोरीला हातही लावत नाही. मग आता कुणी आणली सर्दी?"

ताई कोटाकडे बघत राहिली. मला वाटलं, पटलं. मग ती म्हणाली, "तू खालची खिडकी उघडी ठेवतेस. जिन्यातून वारा वर येतो."

यापुढे तिच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं, आणि ते संध्याकाळपर्यंत टिकलं. कारण संध्याकाळी भाचीने ठकीला लहान मुलांच्या डॉक्टरकडे न्यायचं काढलं आणि ताई म्हणाली, तूही चल.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ठकीचे कान बघितले, छाती ऐकली. म्हणाल्या, साधी सर्दी आहे, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, दूध थोडं थोडं पाजा, आपोआप बरी होईल. श्वास जोरात चालायला लागला किंवा ताप आला, दूध सोडलं, तर मात्र लगेच आणा. ताई म्हणाली, "पण बाई, सारखी सारखी होते हो. तिचे आजोबा इतकी वर्षं बर्फात काम करायचे ना, त्याचंच आहे हे."

"बर्फानं सर्दी होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सर्दीचे विषाणू असतात. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. शिंकेतून, खोकल्यातून, हातांतून. आजोबांच्या कामाच्या जागी कितीजण असायचे?"

"ते एकटेच."

"मग त्यांना सर्दी देणार कोण? ते घरी काय आणणार?"

ताईने पदर सारखा केला. डॉक्टर म्हणाल्या, "थंडीच्या दिवसांत सर्दी जास्त दिसते, त्याचं एक कारण हेही आहे की लोक दारं-खिडक्या लावून एकमेकांजवळ बसतात. तुमच्या घरी कोण कोण येतं?"

"कुणी म्हणजे कुणी नाही," ताई ताठ मानेने म्हणाली. "मी पोरीला घेऊन दारं लावूनच असते. डोळ्यांत तेल घालून सांभाळते मी तिला."

मी खाकरले. भाचीने माझ्याकडे बघितलं. दोघींच्या मनात एकच गोष्ट आली होती. मी म्हटलं, "ताई, तुझी शिकवणी?"

आता हे सांगायला हवं. ताई रोज दुपारी घरी शिकवणी घेते. गल्लीतली आणि बिल्डिंगमधली छोटी मुलं येतात, पाढे, बेरजा, शुद्धलेखन. मास्तरीण म्हणून ती अगदी नावाजलेली, कारण तिच्याकडे पोरं पळत येतात. आणि ठकी आल्यापासून तर उड्याच पडायच्या, कारण ताईने एक बक्षीस काढलं होतं. ज्याची गणितं सगळी बरोबर, त्याने ठकीला मांडीवर घेऊन बसायचं. पोरं जीव तोडून गणितं करायची. ठकी या मांडीवरून त्या मांडीवर. कुणी तिचा गालगुच्चा घे, कुणी पापा घे, कुणी आपली पेन्सिल तिच्या तोंडात दे. आणि हे सगळं बंद खिडक्यांत, मी शिवलेल्या जाड पडद्यांच्या आत.

"ती तर मुलं आहेत!" ताई म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "मुलांनाच जास्त होते सर्दी. वर्षातून सहा-आठ वेळा होणारच, तुमच्या बाळालाही होणार, त्यात कुणाचा दोष नसतो. पण ज्या मुलाला सर्दी आहे त्याला बाळाला घेऊ देऊ नका. घेण्याआधी हात धुवायला सांगा. आणि खिडकी उघडा हो, जरा हवा येऊ दे."

घरी येईपर्यंत ताईची टकळी चालू होती. काल शिकून आलेली पोरगी मला शिकवते. हिने किती पोरं वाढवलीत. विषाणू म्हणे, दाखव बघू मला एक. भाची आणि मी एकमेकींकडे बघत चाललो.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम काहीतरी निमित्त काढून वर गेले. शिकवणी भरलेली होती. ताई खुर्चीत बसून पोरांकडे बघत होती. शिकवत नव्हती, नुसती बघत होती. दोन वेण्यांची एक मुलगी सगळ्यांच्या आधी उठली. "झालं, बाई! सगळी बरोबर!" असं म्हणत तिने पालथ्या हाताने नाक पुसलं आणि तेच हात ठकीकडे पसरले. ठकीही लगेच झेपावली.

ताई खुर्चीतून अशी उठली की खुर्ची मागे पडली. तिने ठकीला उचललं, कडेवर घेतलं, आणि खोलीवरून एकदा नजर फिरवली. एक पोरगा खोकत होता. एकाचं नाक वाहत होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. ताईचा चेहरा असा उतरला की मला तिच्यावर ओरडायचं होतं तेही मी विसरले.

"आजपासून ठकी नाही," ती पोरांना म्हणाली. "गणितं बरोबर आली की मी गोष्ट सांगेन." पोरांनी एकच गलका केला. वेण्यांची मुलगी तर रडायच्या घाईला आली. ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला नाक शिंकरायला कागद दिला, सगळ्यांना रांगेत उभं करून नळावर पाठवलं. मग खिडकीपाशी गेली, माझा पडदा बाजूला सारला आणि खिडकी उघडली. मी काहीही बोलले नाही. आयुष्यात एवढा संयम मी कधी पाळला नव्हता.

त्यानंतर ठकीला सर्दी झालीच नाही असं मी म्हणणार नाही. एकदा झाली, जरा सुंसुं केलं आणि गेली. पण सर्दीचं ते रांग लावून येणं थांबलं. भाचीला झोप मिळायला लागली. दुपारची खोली उजेडाची झाली. भाऊजींची सर्दीही गेली होती. फक्त ते संध्याकाळी येऊन लांबूनच बघायचे, हात मागे. आता त्यांना कुणी सांगत नव्हतं. त्यांनाच खात्री नव्हती.

एके दिवशी ताई खाली आली आणि कोटासमोर उभी राहिली. बाही हातात घेऊन बघितली. कोपरापाशी शिवण उसवली होती. म्हणाली, "ही शिवून दे मला."

मी शिवून दिली. तिने कोट घडी करून काखेत धरला. "चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"यांच्या बर्फात."

लग्न झाल्यापासून ताईने त्या जागेत पाऊल टाकलं नव्हतं. सर्दी होईल म्हणून. आम्ही गेटवर पोचलो तर भाऊजी खिडकीत होते, पाचसहा डोकी त्यांच्यावर वाकलेली. त्यांनी आम्हाला बघितलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. "ठकी बरी आहे ना?" हा पहिला प्रश्न. ताई म्हणाली, "बरी आहे. तुम्ही बसा तुमचं काम करत," आणि सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली.

मॅनेजर जाडजूड, कुरकुऱ्या माणूस. ताईने कोट टेबलावर ठेवला. म्हणाली, "यांना पुन्हा आत घ्या."

"का? त्यांनीच तर सोडलं," मॅनेजर म्हणाले. "मी हात जोडले त्यांच्यापुढे. घरी बाळ आहे म्हणाले, ऐकायलाच तयार नव्हते. आता आत दुसरा माणूस ठेवलाय. मी आज याला आत, उद्या त्याला बाहेर असं करत बसू का? उद्या तुम्ही पुन्हा म्हणाल, बाळ शिंकलं."

मला वाटलं, आता ताई भडकणार. ताईला उलट बोललेलं खपत नाही. पण ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी सोडलं नाही. मी सोडायला लावलं. मला वाटायचं, ते सर्दी घरी आणतात. सर्दी माझ्याच घरात होती, आणि दोष मी त्यांना दिला. माझी चूक आहे. मी पुन्हा यायची नाही तुमच्याकडे, शब्द देते."

माझे डोळे भरून आले. ताईला 'माझी चूक आहे' म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं. मॅनेजरही जरा विरघळले असावेत. त्यांनी आतल्या माणसाला बोलावलं. तो आला तोच हात चोळत. त्याला विचारलं, खिडकीवर बसशील का? त्याचा चेहरा असा फुलला! बोलका माणूस बिचारा, आत कुणाशी बोलावं म्हणून कंटाळून गेला होता. तो जवळजवळ पळतच गेटकडे गेला.

भाऊजी आले. टेबलावरचा कोट बघितला, ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "घाला. आणि मला दाखवा काय करता ते."

मॅनेजरने आम्हाला दोन कोट दिले. ते जड दार भाऊजींनी दोन्ही हातांनी ओढलं आणि आम्ही आत गेलो. आई गं! श्वास घेतला की नाकात सुया टोचल्यासारखं. पण वास खरंच सफरचंदांचा होता, इतका गोड की मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. भाऊजी क्रेटच्या रांगांमधून चालायला लागले. एका ठिकाणी थांबले, मान वळवली, चारपाच क्रेट बाजूला केले आणि आतून एक काळपट पडलेलं सफरचंद काढलं. "हा नवा माणूस बघत नाही नीट," पुटपुटले. पाठ सरळ झाली होती त्यांची. चाल बदलली होती. खिडकीतला तो ओशाळलेला माणूस कुठे गेला कुणास ठाऊक.

ताई त्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, "किती छान आहे इथे. मला कधी दाखवलं नाहीत."

"तू कधी आलीच नाहीस," भाऊजी म्हणाले. रागाने नाही, सहज.

संध्याकाळी मी मुद्दाम ताईकडे जाऊन बसले; भाचीही दुकानातून आलेली होती. जिन्यात पावलं वाजली. भाऊजी माझ्याकडे कोट न ठेवता थेट वर आले होते, पण दाराबाहेर आल्यावर पाय थांबलेच. स्टूल ओढल्याचा आवाज आला.

ताईने दार उघडलं. ठकी तिच्या कडेवर होती. "आत या."

"थांब, जरा थंडी उतरू दे."

"काही उतरायला नको. या आत, हात धुवा आणि हिला घ्या."

भाऊजी आत आले, नळाखाली हात धुतले, आणि ताईने ठकीला त्यांच्या हातात दिलं. त्यांचा गार गाल लागताच पोर दचकली. ठकीने मान मागे घेऊन आजोबांकडे नीट बघितलं, त्यांच्या गालावर तळवा ठेवून पाहिला, काढला, पुन्हा ठेवला, आणि खदाखदा हसायला लागली. भाऊजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. भाची आत निघून गेली, मला वाटतं रडायलाच.

ताईने भाऊजींच्या डोळ्यांवरून पदर फिरवला आणि त्यांचा मोकळा हात धरला. धरला आणि तीही दचकली.

"अगंबाई! इतके गार असतात तुमचे हात?"

"रोजच असतात," भाऊजी म्हणाले. "तू ऊब आल्यावरच भेटायचीस."

ताईने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळत राहिली.